कॅमच्या नाकावर पिटिंग, कडक स्प्रिंगमुळे होतं का?

फिटर_७: जुन्या डिझेल इंजिनचा कॅमशाफ्ट ग्राइंड करून आणलाय, टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) फ्लॅट आहेत. व्हॉल्व्ह स्प्रिंग पण बदलल्या, आधीपेक्षा साधारण ३० टक्के कडक. आता दोन लोबच्या (कॅमच्या उंचवट्यांच्या) नाकावर, म्हणजे शेंड्यावर, बारीक खड्डे (पिटिंग) दिसतायत आणि त्यांच्या टॅपेटच्या तोंडावर सरळ चमकदार पट्टा उमटलाय. ऑइल प्रेशर बरोबर आहे. कॉन्टॅक्ट स्ट्रेस (टेकण्याच्या जागेवरचा ताण) नक्की कशाकशाने वाढतो, कुणी सांगेल का?

डिझाइनवाला: स्प्रिंग एकटी नाही हो. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने १८८२ मध्ये मांडलेलं गणित असं की रेषेवर टेकणाऱ्या भागात स्ट्रेस लोडच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे ३० टक्के जास्त लोडला जेमतेम १४ टक्के. पण ग्राइंडिंगमध्ये लिफ्ट तीच ठेवून बेस सर्कल (लोबचा गोल पाया) कमी केलं की नाकाची त्रिज्या पण तेवढीच कमी होते, समजा ४ मिमीची ३ झाली तर आणखी १५ टक्के, दोन्ही मिळून ३० च्या वर गेलं. शिवाय सगळ्यात जास्त शिअर (थर एकमेकांवर सरकवणारा ताण) पृष्ठभागावर नसतो, थोडा आत असतो, म्हणून वरचा कडक थर ग्राइंडिंगने पातळ झाला असेल तर धोका. घर्षण वाढलं की तोच शिअर वर सरकतो आणि मग तडे वरूनच सुरू होतात.

जुना_मेकॅनिक: इंजिन आयडलवर फार वेळ ठेवता का? हळू चालताना नाकावर स्प्रिंगचा पूर्ण जोर बसतो, आरपीएम वाढला की व्हॉल्व्हचं इनर्शिया (जडत्व) नाकावरचा भार हलका करतं. त्यात आयडलला ऑइलची फिल्म पण पातळ असते, म्हणून नवा कॅम बसवल्यावर सुरुवातीला आयडलवर सोडत नाहीत. आणि तो सरळ पट्टा म्हणजे टॅपेट फिरत नाहीये!! फिरणाऱ्या टॅपेटवर गोल खुणा पडतात.

फिटर_७: आयडलवर बऱ्याचदा तासभर असतं. टॅपेट जुनेच लावलेत. फिरत का नसतील?

डिझाइनवाला: लोबला अगदी थोडा टेपर (उतार) आणि टॅपेटच्या तोंडाला हलका फुगवटा असतो, त्याने टॅपेट फिरतो आणि कडेवर लोड येत नाही. ग्राइंडरने लोब सरळ कापला किंवा जुन्या टॅपेटचा फुगवटा झिजला की टॅपेटचं फिरणं गेलं. लोबच्या दोन्ही कडांना मायक्रोमीटर लावून बघा. टॅपेट नवेच घ्या आणि बोअरमध्ये बोटाने मोकळे फिरतात का ते आधी तपासा, आणि स्प्रिंग परत मूळ स्पेसिफिकेशनच्या टाका, इतक्या कमी आरपीएमला कडक स्प्रिंग लागतच नाही.