मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या स्टुडंट फोक फेस्टिव्हलमध्ये लेझीमचं वर्कशॉप घ्यायचंय

नमस्कार मंडळी, इथे यूकेत राहणारे बरेच जण आहेत आणि शाळेत लेझीम खेळलेले तर त्याहून जास्त असतील, मला दोन्हीकडची मदत लागणार आहे म्हणून धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी इथे मास्टर्स करतेय आणि युनिव्हर्सिटीच्या फोक सोसायटीत आहे. आमचं मुख्य काम म्हणजे केली, म्हणजे लायनीत नाहीतर गोलात जोडीजोडीने करायचा नाच, बँड लाइव्ह वाजवतो आणि एक कॉलर माइकवरून पुढची स्टेप सांगत राहतो, त्यामुळे काहीही येत नसलं तरी नाचता येतं. इथे शिकलेल्यांना आयव्हीएफडीएफ माहीत असेल, इंटर व्हर्सिटी फोक डान्स फेस्टिव्हल, १९५१ पासून चालू आहे, दर वर्षी वेगळ्या युनिव्हर्सिटीत आणि चालवणारे सगळे स्टुडंटच. आमचा फेस्टिव्हल त्याच धर्तीवर पण बराच छोटा. शुक्रवारी रात्री सुरू, रविवारी संध्याकाळी पॅकअप. दिवसभर वेगवेगळ्या हॉलमध्ये वर्कशॉप्स, शनिवारी रात्री मोठी केली, मधल्या वेळात कोपऱ्याकोपऱ्यात कुणीतरी फिडल (म्हणजे व्हायोलिनच) काढून बसलेलं असतं आणि बघता बघता पाचाचे पंधरा होतात. बाहेरगावची पोरं स्लीपिंग बॅग घेऊन येतात आणि हॉलच्या जमिनीवर झोपतात. झोपतात म्हणजे काय, पडतात तासभर.

तर यंदा कमिटीने मला रविवारी सकाळचा सव्वा तासाचा स्लॉट दिलाय, स्पोर्ट्स हॉल, अंदाजे ४० माणसं. बाहेरच्या देशातलं काहीतरी शिकवायचा स्लॉट असतो तो, बाल्कन किंवा ब्रेटन वगैरे होतं नेहमी. मी गप्पांमध्ये लेझीमबद्दल बोलले होते ते त्यांनी लक्षात ठेवलं. मी हो म्हटलंय आणि मला करायचंच आहे, पण अडचणी खूप आहेत.

पहिली, लेझीमच नाहीत. ४० लेझीम आणायच्या कुठून? घरचे कुणी येणार असतील तर बॅगेत किती आणतील, आणि साखळ्या बघून एअरपोर्टवर अडवतील का?

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. इथे रेकॉर्डवर नाचणं फारसं कुणाला आवडत नाही, सगळं लाइव्ह लागतं. हलगी नाही, ढोल-ताशा नाही. आमच्या हाउस बँडमध्ये फिडल, मेलोडियन (बटणांचं छोटं अकॉर्डियन), गिटार आणि बोधरान आहे (आयर्लंडचं चामड्याचं वाद्य, आपल्या डफासारखं हातात धरून छोट्या दांडीने वाजवतात). ते म्हणतात आम्ही काहीही वाजवू, फक्त किती मात्रांचं ते सांग. आता शाळेत आपण मोजायचो ते एक दोन तीन चार, ते ह्यांच्या चालींवर बसतं का? मला वाजवता काही येत नाही त्यामुळे त्यांच्याशी बोलताना माझी बोंब होते.

तिसरं म्हणजे शिकवायचं कुठल्या क्रमाने. ही माणसं पायाने पक्की असतात हो. ह्यातले काही रॅपर करतात, म्हणजे पाच जण दोन्हीकडे मूठ असलेल्या लवचिक स्टीलच्या पट्ट्या धरून, एकमेकांना न सोडता त्यांच्या गाठी मारत जोरात नाचतात, ईशान्य इंग्लंडच्या कोळसा खाणींच्या भागातला प्रकार आहे. असल्या लोकांना मी जागेवर उभं राहून चार ठोके शिकवणार आणि ते दहा मिनिटांत संपणार, मग उरलेला तास? पण दुसऱ्या बाजूला पहिल्यांदाच आलेले फर्स्ट इयरवालेही असणार, त्यांना टाकून पुढे जाता येत नाही.

शिवाय माहिती किती सांगायची हाही प्रश्न आहे. हे लोक फार खोदून विचारतात. सेसिल शार्पने १८९९ च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनला मॉरिस नाच (पायात घुंगरू, हातात रुमाल नाहीतर काठ्या घेऊन करायचा इंग्लिश लोकनाच) पाहिला, मग पुढे गावोगाव फिरून नाच आणि गाणी लिहून घेतली, १९११ मध्ये इंग्लिश फोक डान्स सोसायटी काढली, आणि आता त्याने काय निवडलं आणि काय सोडून दिलं यावर ही पोरं रात्री दोनला भांडत बसतात. त्यांच्यापुढे "आमची हजारो वर्षांची परंपरा" असलं काही ठोकून द्यायची माझी इच्छा नाही.

आणि हो, रिस्क असेसमेंटचा फॉर्म भरायचाय. लेझीमची रिस्क काय लिहू? 😅

प्रतिसाद

छान विषय. मी बरीच वर्षं शाळेत पीटी शिकवलंय त्यामुळे क्रमाचं सांगतो. चार आवाज, एक जागा, आदी लगाव, पवित्रा, दो रुख, मग आगे फलांग. जुना क्रम आहे आणि तो तसा आहे त्याला कारण आहे, आधी हात बसतात, मग कंबर वाकते, मग पाऊल हलतं, उडी सगळ्यात शेवटी. तुमच्या लोकांचे पाय तयार आहेत म्हणता पण लेझीममध्ये गडबड हाताची होते. डाव्या हातात लाकडी दांडा आणि उजव्या हातात साखळीची मूठ, उघडताना एक आवाज, मिटताना एक आवाज, आणि दोन्ही स्वच्छ आले पाहिजेत, मध्ये खुळखुळ नको. पायाने पक्का असलेला माणूस पण पहिली दहा मिनिटं नुसता खुळखुळाटच करतो, त्यामुळे तास कसा भरायचा याची काळजी नको, तो पुरायचा नाही.

दुसरं, शिट्टी घ्या. तोंडाने एक दोन तीन चार ओरडाल तर कुणालाही ऐकू जाणार नाही, माइक असला तरी. एक लांब शिट्टी म्हणजे तयार, दोन छोट्या म्हणजे पुढचा प्रकार, असं सुरुवातीलाच ठरवून सांगा.

प्रतिसाद

ताई, मी इथे केली बँडमध्ये अकॉर्डियन वाजवतो (मूळ सांगलीचा, त्यामुळे लेझीमही रक्तात) तर मात्रांचं माझ्याकडून घ्या. ह्यांची नेहमीची चाल ३२ बारची असते (बार म्हणजे तालाचा एक छोटा कप्पा), आठ आठ बारचे चार तुकडे, पहिला तुकडा दोनदा आणि दुसरा तुकडा दोनदा. एका बारमध्ये पावलं दोन पडतात. म्हणजे एका तुकड्यात सोळा पावलं, तुमचे चार आवाज चार वेळा किंवा आठ मोजांचा प्रकार दोन वेळा, चपखल बसतं, काही ओढाताण नाही. बँडला एवढंच सांगा की पोल्का किंवा साधी रील द्या (दोन्ही सरळ ठोक्याच्या चाली), जिग नको. जिग सहा-आठमध्ये असते, म्हणजे एका बारमध्ये तीन-तीनचे दोन गट, तिचा झोका वेगळा, त्यावर लेझीमचा सरळ ठोका सुरुवातीला घसरतो. नाचाचा नेहमीचा वेग मिनिटाला ११० पावलांच्या आसपास असतो म्हणजे ३२ बारची एक फेरी ३५ सेकंदांत संपते, शिकताना त्याहून बरंच हळू वाजवायला सांगा, फिडलवाले हळू वाजवायला नाखूश असतात पण ऐकतात.

बोधरानला मात्र सुट्टी द्या. लेझीम हाच ताल आहे, त्यात बोधरान बुडून जाईल बिचारा. फेस्टिव्हलला बॉर्डर मॉरिसवाले (वेल्सच्या सीमेकडचा, काठ्यांचा मॉरिस) येणार असतील तर त्यांच्याकडे बऱ्याचदा मोठा ड्रम असतो, तो मागा. हलगीची सर नाही पण धम्म लागतो.

प्रतिसाद

मी म्हणते लेझीमचा हट्ट कशाला? झिम्मा-फुगडी घ्या, सामान शून्य, विमानाची भानगड नाही आणि बाईमाणूस पुरुषमाणूस सगळ्यांना जमतं. नाहीतर गोफ! वरून सोडलेल्या दोऱ्या धरून विणायचा आणि परत उलगडायचा, त्यांच्याकडे मेपोलच्या (खांबाभोवती नाचत विणायच्या) रिबिनी असतात ना अगदी तसंच, लगेच कळेल त्यांना.

धागाकर्ती

गोफचं माझ्याही डोक्यात आलं होतं पण वर अडकवणार कशाला? स्पोर्ट्स हॉलच्या छताला आम्हाला हात लावू देणार नाहीत, एक साधा बॅनर लावायचा तर तीन मेल करावे लागतात. फुगडी मात्र मस्त, थँक्यू, शेवटची दहा मिनिटं फुगडी ठेवते. केलीत जोडीने गरगर फिरायची स्टेप असतेच त्यामुळे तोल सांभाळायची सवय आहे ह्यांना, हात तिढा घालून धरणं आणि मागे झुकणं तेवढं शिकवावं लागेल.

पण लेझीम सोडणार नाही. एकत्र एकाच ठोक्यावर ४० जणांचा तो आवाज, ते फुगडीत नाही.

प्रतिसाद

४० लेझीम आणि बंद हॉल?? कानात बोळे वाटा आधी 😂 आमच्या पथकात आम्ही मोकळ्या मैदानात खेळतो तरी डोकं उठतं. स्पोर्ट्स हॉलला प्रतिध्वनी प्रचंड असतो, शेजारच्या हॉलमध्ये कुणी बॅलड गायचं वर्कशॉप ठेवलं असेल तर ते तुम्हाला शाप देतील. टाइमटेबल बनवणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा.

माझं मत, २० च लेझीम आणा. जोड्या करा, एक जण लेझीमवर आणि दुसरा समोर उभा राहून रिकाम्या हाताने तेच करतोय, किंवा टाळी देतोय. आणि वर अकॉर्डियनवाल्या दादांनी सांगितलेले तुकडे वापरा की, पहिले दोन तुकडे एक लाइन खेळेल, पुढच्या दोनला दुसरी लाइन. आवाज निम्मा, लेझीम निम्म्या, आणि माणसाला बघायला मिळतं की आपलं कुठे चुकतंय. मधे लेझीम हातातून हातात द्यायची हीसुद्धा एक स्टेप करून टाका, रॅपरवाल्यांना असलं काहीतरी अवघड दिलं की ते खूश.

रिस्कच्या फॉर्ममध्ये लिहा: दोन माणसांत हात पसरून अंतर, लेझीम डोक्याच्या वर न्यायची नाही, साखळीची कडी उघडलेली लेझीम बाजूला काढायची, आणि जमिनीवर आपटायची नाही. शेवटचं महत्त्वाचं, लाकडी फ्लोअरवर साखळी घासली तर चरे पडतात आणि बिल सोसायटीला येतं.

प्रतिसाद

लेझीम विमानात: चेक-इन बॅगेतच टाका, केबिनमध्ये अजिबात नको, साखळी आणि दांडा बघून सिक्युरिटीवाला काढून ठेवेल आणि त्याचं चूकही नाही. दांडे एकीकडे साखळ्या वरून गुंडाळून आणि मधे जुने कपडे, नाहीतर बॅग उचलली की सगळा एअरपोर्ट वळून बघतो.

पण आणायच्या आधी इथेच विचारा ना. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि बाकी शहरांतही मंडळं आहेत, गणपतीच्या मिरवणुकीसाठी कुणाकुणाकडे लेझीम असतात आणि वर्षभर गॅरेजमध्ये पडून असतात. (१९३२ वरून आठवलं, इंग्लिश फोक डान्स अँड साँग सोसायटी पण त्याच वर्षी झाली, फोक साँगवाले आणि शार्पचे डान्सवाले एकत्र येऊन. तुमच्या खोदून विचारणाऱ्या मंडळींना सांगा, आवडेल.)

प्रतिसाद

माहितीचं म्हणाल तर मी एवढंच सांगेन: आखाड्यातला व्यायाम, जड लोखंडी लेझीम अंग कमवायला वापरायचे, मग मिरवणुकीत आणि शाळेच्या कवायतीत आली, हलकी झाली, १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनातसुद्धा होती. खरं आहे आणि मिनिटभरात सांगून होतं. त्यांनी पुढे विचारलं तर तुम्ही तुमच्या शाळेतल्या पीटीच्या तासाचं सांगा, उन्हात उभं करायचे, शिट्टी वाजायची ते. लोकांना त्यात जास्त रस असतो असा माझा अनुभव, कारण मॉरिससुद्धा शार्पच्या काळात शाळांमधूनही पसरला ना.

नऊवारीचं विचारलं नाहीयेत पण सांगते, नेसू नका. सव्वा तास वाकून शिकवायचंय, सलवार आणि वर ओढणी कमरेला बांधा. हौस असेल तर शनिवारी रात्री नेसा.

धागाकर्ती

अरे काय भारी आहात तुम्ही सगळे! थांबा, माझ्यापुरतं आता असं ठरतंय. २० लेझीम, दोन लायनी. पहिली वीसेक मिनिटं चार आवाज आणि एक जागा, आधी रिकाम्या हाताने आणि मग लेझीम घेऊन, बँड गप्प, नुसती शिट्टी आणि ड्रम. मग पोल्का हळू, त्यावर पवित्रा आणि दो रुख. आगे फलांग जमलं तर जमलं. शेवटी पूर्ण वेगात एकदा सगळं आणि मग लेझीम बाजूला ठेवून (गादीवर! फ्लोअरवर नाही!) फुगडी. बॉर्डर मॉरिसवाल्या मुलीला ड्रमचं विचारलं, ती म्हणे देते पण वाजवणार मीच, मग तिलाच शिकवते ठोका.

टाइमटेबलवालाही भेटला, शेजारी खरंच हार्मनी सिंगिंग लावलं होतं त्याने, हलवतोय.

राहिला एकच प्रश्न, मिडलंड्समध्ये किंवा ट्रेनने दोनेक तासांत पोचता येईल अशा अंतरावर कुणाकडे लेझीम आहेत का? मी येऊन घेऊन जाईन आणि सोमवारी परत आणून देईन, मोजून. मंडळाला मेल टाकलाय पण उत्तर कधी येईल माहीत नाही.

प्रतिसाद

आमच्याकडे १४ आहेत, लेस्टरला. दोनच्या साखळ्या तुटल्यात, त्या पकडीने नीट करून घ्याव्या लागतील. हलगी पण आहे एक पण तिचं चामडं थंडीत ढिलं पडलंय, हीटरजवळ धरून तापवावी लागते वाजवायच्या आधी, ते तुमच्या रिस्क असेसमेंटमध्ये बसत असेल तर न्या. व्यनि केलाय.