पौषातली सवड कागदपत्रांसाठी

पौषात घराचा व्यवहार नको म्हणून माघ लागेपर्यंत स्वस्थ बसावे, हे मत मला पटत नाही. मुहूर्त पाळायचाच असेल, तर तो दस्तनोंदणी आणि गृहप्रवेशासाठी पाळावा. तोवर विक्रेत्याने शेअर सर्टिफिकेट (सोसायटीतील भाग आपल्या नावे असल्याचा दाखला), सोसायटीचे ना-हरकत पत्र आणि कर्ज फिटले असल्यास बँकेकडील मूळ कागद हाती घ्यावेत. खरेदीदाराने वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालमत्तेच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) करून घ्यावा, कारण जुने दस्त व इंडेक्स 2 (नोंदणी कार्यालयातील दस्ताचा गोषवारा) तपासल्याखेरीज राहिलेले कर्जाचे वगैरे बोजे किंवा वारसांचे हक्क सहसा उजेडात येत नाहीत, आणि गुढीपाडव्याच्या घाईत नेमके हेच काम राहून जाते. रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले मालमत्तेचे दर 1 एप्रिलपासून बदलू शकतात. मुद्रांक शुल्काचा हिशेब करताना तेवढे लक्षात ठेवावे.