गाडीतला फ्रीज इन्व्हर्टरवर चालतोय काय?

खानापूरकर: ट्रॅव्हलर व्हॅनची घरगाडी केलीय, मागं जुना सिंगल डोअर फ्रीज, 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण) बॅटरी, 600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ताकद) इन्व्हर्टर. चोर्ला घाटातनं गोव्याला जायचंय पण कॉम्प्रेसर चालू झाला की इन्व्हर्टर पीं पीं करून बंद पडतोय बघा.

निपाणीचा वायरमन: पडणारच की. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कैक पट करंट ओढतो. मोठा प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टर घ्या, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, आणि 12 व्होल्टवर 1000 वॅट म्हणजे 80 अँपिअरच्या वर करंट, तेव्हा केबल जाड नि आखूड, फ्यूज बॅटरीजवळच.

घाटवाट: इन्व्हर्टरच कशाला हो, थेट 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज घ्या, महाग पडतो पण बॅटरीच्या डीसी विजेची घरगुती एसी वीज करताना वाया जाणारी पॉवर वाचते. गॅस सिलिंडरवर नि विजेवर दोन्हीवर चालणारा फ्रीज मात्र बॅटरीवर रात्रभर नको, हीटर असतो त्यात, सकाळी बॅटरी बसलेली.

खानापूरकर: बरं, आधी केबल बघतो, लई बारीक दिसतीय.