‘मला चिंता नाही, धास्ती आहे’

शुश्रूषा:
मी नर्सिंग शिकवते. २०२० च्या पावसाळ्यात कोविड वॉर्डाची ड्युटी लागलेल्या आमच्या मुलींकडून जीएडी-७ ही चिंता मोजणारी प्रश्नावली भरून घेतली होती. सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा झालं ते सांगायचं. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. आमच्या हातातल्या भाषांतरात पहिल्याच प्रश्नात ‘चिंताग्रस्त’ हा शब्द होता. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तिथेच अडली. म्हणाली, “मॅडम, मला चिंता नाही, धास्ती आहे. कुठे खूण करू?” मला उत्तर देता आलं नाही, ते अजून डोक्यात आहे. चिंता, काळजी, धास्ती, धसका यांत नेमका फरक काय?

शब्दार्थी:
ताई, सोबतची क्रियापदं बघा. चिंता आपण करतो. धास्ती वाटते, किंवा माणूस ती घेतो. धसका बसतो किंवा घेतला जातो, आणि तो बहुतेकदा काहीतरी घडून गेल्यावर. परीक्षा पुढे ढकलली, तिची चिंता. उद्या वॉर्डात पाऊल ठेवायचंय, त्याची धास्ती. बरोबरची मैत्रीण ऑक्सिजनवर गेली, त्याचा धसका. चिंता विचारातून येते, धास्ती त्याआधीच पोटात गोळा आणते. तुमची विद्यार्थिनी अगदी नेमकं बोलली.

तेव्हाचा इंटर्न:
माझा शब्द ‘काळजी’. खरं सांगतो, पीपीई किट घालून रुग्णासमोर उभं राहिलं की भीती वाटायची नाही, हाताला काम असायचं. होस्टेलवर येऊन अंघोळ केली की सुरू व्हायचं. घरी आजी होती, तिला दमा. मला काय होईल यापेक्षा माझ्यामुळे तिला काय होईल, हेच मनात. याला चिंता म्हणायला जीभ वळत नाही. काळजी ‘वाटते’ आणि काळजी ‘घेतो’ही, दोन्हींना शब्द एकच, म्हणून तो खरा वाटतो. मी चार महिने घरी गेलो नाही, ती घेतलेली काळजी होती.

आणखी एक. रोज सकाळी उठल्यावर आम्ही साबणाचा वास घेऊन बघायचो, येतोय ना म्हणून. घसा खवखवला की पुस्तकातली सगळी लक्षणं अंगात दिसायची. आमच्या गावाकडे याला ‘मनानं घेतलं’ म्हणतात. रोगाची माहिती जितकी जास्त, तितकं मन लवकर घेतं. हे वैद्यकीय विद्यार्थ्यांचं जुनंच दुखणं आहे, साथीत ते वाढलं.

शब्दार्थी:
‘मनानं घेतलं’ फार मोलाचं. यावरून दुसऱ्या एका शब्दाबद्दल लिहायचं आहे, कारण त्याने विनाकारण घबराट वाढवली: ‘विलगीकरण’. लागण झालेल्याला इतरांपासून वेगळं ठेवणं, आणि लागण झालेल्याच्या संपर्कात आलेल्या पण आजारी नसलेल्याला काही दिवस वेगळं ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी विलगीकरण, दुसऱ्यासाठी अलगीकरण असे शब्द होतेही. पण बोलण्यात आणि बातम्यांत दोन्हींना सर्रास विलगीकरणच म्हटलं गेलं.

शुश्रूषा:
अगदी हेच घडलं! संपर्कात आली म्हणून एका मुलीला खोलीत थांबवलं होतं. तिने घरी फोन करून सांगितलं, “मी विलगीकरणात आहे.” वडिलांना वाटलं, पोरीला रोग लागला. आई दोन दिवस जेवली नाही. तिची तपासणी पुढे निगेटिव्ह आली. तेव्हा एक साधं वाक्य हवं होतं: ‘मला काही झालेलं नाही, फक्त वेगळं ठेवलंय.’

शब्दार्थी:
आजाराच्या नावांतही तेच. ‘महामारी’त मरी आहे, म्हणजे मरण आधी ऐकू येतं. ‘साथ’ फक्त पसरण्याबद्दल बोलते. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९७ चा कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच लागू केला. मराठीत तो साथरोग कायदा, मरीचा कायदा नव्हे. मला ‘महासाथ’ आवडतो. वर्गात शिकवताना तो वापरावा.

वैद्यकीय समाजसेविका:
शब्दांचं चाललंय, तर माझाही एक: ‘जागरूकता’. तो पोस्टरवरचा शब्द आहे, त्यात माहिती आणि भान या दोन गोष्टी एक होतात. हात वीस सेकंद धुवायचे हे ठाऊक असणं ही माहिती. दमलेलं असताना, घामाने चेहरा खाजत असताना मास्कच्या पुढच्या भागाला हात न लावणं, हे भान. विद्यार्थ्यांकडे माहिती भरपूर होती. भान पहिल्या पंधरा दिवसांत, सीनियर सिस्टरांच्या शेजारी उभं राहून आलं.

ताई, एक विनंती. तपासून घेतलेल्या प्रश्नावलीतले शब्द मधेच बदलू नका, गुणांची तुलना होणार नाही. धास्ती म्हणणाऱ्या मुलीला तो प्रश्न तोंडी समजावूही नका. तिचं वाक्य शेजारी जसंच्या तसं लिहून ठेवा.

शुश्रूषा:
लिहून ठेवलं होतं, पेन्सिलीने, फॉर्मच्या कडेला. पुढच्या तुकडीसाठी प्रश्नावलीनंतर वेगळा प्रश्न जोडेन: ‘या दिवसांत तुम्हाला काय वाटतंय, तुमच्या शब्दांत सांगा.’ वऱ्हाडात, कोकणात धास्तीला आणखी काही म्हणत असतील तर कळवा. आमच्याकडे दोन्हीकडच्या मुली येतात.