पोटभाडेकरू खोली सोडत नाहीत. कायदेशीर मार्ग कोणता?

प्रश्न (वर्तकनगर, ठाणे)

मी आणि आई येथे दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार माझ्या एकटीच्या नावे असून तो डिसेंबरमध्ये संपतो. भाडे झेपेना म्हणून फेब्रुवारीत ओळखीच्या एका दांपत्याला एक खोली दिली; कागद केला नाही, पैसे दरमहा मोबाइलवरून येत. जूनपासून ते पैसे देत नाहीत आणि जा म्हटले की "कोर्टात जा" असे सांगतात. खोलीला त्यांनी स्वतःचे कुलूप लावले आहे. ओट्यावर त्यांची वेगळी शेगडी आल्यापासून आई चहा करायलाही बिचकते. पोलिसांनी प्रकरण दिवाणी असल्याचे सांगून परत पाठवले. ते कामावर गेले असताना मी कुलूप बदलू शकते का?

उत्तर १

कृपया कुलूप बदलू नका, सामान बाहेर ठेवू नका आणि वीज-पाणीही तोडू नका. ताबा कसाही मिळालेला असो, कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाहेर काढलेली व्यक्ती विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकते, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. आज बाजू तुमची भक्कम आहे. कुलूप बदललेत की तीच उलटेल. वकिलामार्फत लेखी नोटीस पाठवा: राहण्याची परवानगी रद्द केली आहे, अमुक तारखेपर्यंत खोली रिकामी करावी, इतकी थकबाकी आहे. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. फेब्रुवारी ते मे या महिन्यांचे बँकेचे उतारे आजच काढून ठेवा, कारण कागद नसताना ती माणसे तुमच्या परवानगीने आली होती हे दाखवणारा मुख्य पुरावा तोच आहे.

उत्तर २

घरमालकांना कळवले आहे का? बहुतेक करारांत पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई असते, त्यामुळे हा विषय तुम्हाला अवघड वाटेल, पण लपवून ठेवण्याची किंमत फार मोठी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपूनही घर रिकामे करून न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतो आणि ताबा मिळेपर्यंत करारातील शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. करार तुमच्या नावे असल्याने डिसेंबरनंतर ते दांपत्य बसून राहिले तरी हा बोजा तुमच्यावर येईल. उलट मालक सोबत आले, तर हाच मार्ग तुमच्याही उपयोगी पडतो, कारण त्या दांपत्याचा राहण्याचा आधार तुमच्या करारापलीकडे काहीच नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मालकांना सांगितलेले नाही, आणि करारात मनाईचे कलम आहे. वकिलाची फी देण्याइतके पैसे सध्या हाताशी नाहीत.

उत्तर ३

ताई, महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तशी तरतूद विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आहे. कोर्ट नाक्यावर उतरून करार आणि बँकेचे उतारे घेऊन जा.

नेरूळला माझ्या बहिणीवर हाच प्रसंग आला होता. नोटीस दिल्यानंतरही ती दर महिन्याला पैसे घेत राहिली, आणि समोरच्याने त्याच पावत्या दाखवून परवानगी चालूच असल्याचा मुद्दा काढला. म्हणून नोटिशीनंतर पैसे आलेच, तर ते भाडे नसून जागा वापरल्याची भरपाई आहे, असे त्याच दिवशी लेखी कळवा. मालकांना मात्र वकिलाकडे जाण्याआधी, शक्यतो आजच, स्वतः फोन करा. त्यांना शेजाऱ्यांकडून किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींकडून कळले, तर तुमची बाजू ऐकायला ते तयार राहणार नाहीत.