डोंबिवली पूर्व ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल): रोज कसं जावं?

मंजिरी_डों: सोमवारपासून भारत डायमंड बोर्सजवळ ऑफिस. साडेनऊला पोचायचं, महिन्याला 22 दिवस. बजेट सगळं मिळून 1,200. गुडघा दुखतो, त्यामुळे जास्त वेळ उभं राहणं जमत नाही. कुर्ला बरं की घाटकोपरहून मेट्रो?

जलद_0812: मेट्रोच. घाटकोपरला उतरा, मेट्रो 1 ने मरोळ नाका, तिथून पादचारी पुलाने मेट्रो 3 आणि थेट बीकेसी. ट्रॅफिकचा संबंधच नाही.

खाडीपार: बजेट वाचलंत का? दोन मेट्रोंची भाडी वेगळी. दोन्हीकडे किमान दर 10 धरला तरी जाऊन-येऊन 40, महिन्याचे 880. या अंतराला तर किमान दरात भागतच नाही. शिवाय मेट्रो 1 ला चारच डबे, सकाळी घाटकोपरला तपासणीची रांग.

जलद_0812: रांग सरकते. तिकीट मुंबई वन अॅपवर आधीच काढा. मेट्रो 3 भुयारी आहे, खाली नेटवर्क गेलं तर क्यूआर उघडत नाही आणि गेटवर अडकायला होतं.

शीतल_प्रवास: एसी लोकलचा पास घ्या, पैसे वसूल होतात.

कोपरकर: एसी मोजक्याच. एसी गाडी दुरुस्तीला गेली की त्याच वेळेला साधी गाडी येते आणि महागडा पास घेऊन साध्या डब्यात चेंगरायचं. सेकंड क्लासचा पास, जलद लोकल, कुर्ला. तिमाही पास मासिकाच्या 2.7 पट पडतो. कुर्ला पश्चिमेहून 310 नंबरची बस बीकेसीमार्गे वांद्रे पूर्वेला जाते. बेस्टचं 5 किमीपर्यंत साधं भाडं 10, एसी 12. एसी धरली तरी महिन्याचे 528.

पारसिक_रेती: कुर्लाच. जलद गाडी पारसिक बोगद्यातून झपकन निघते.

खाडीपार: 2022 पासून जलद लोकल मुंब्र्याकडून जातात. बोगदा आता मेल-एक्सप्रेसना.

पारसिक_रेती: वेळेत काय फरक पडतो? मुद्दा कुर्ल्याचा आहे.

शेअर_रिक्षा: 310 ला लोंबकळण्यापेक्षा शेअर रिक्षा करा.

कोपरकर: साडेआठनंतर रिक्षाच्या रांगेत उभं असतानाच बस येऊन जाते. आणि ताई, रेल्वेच्या अॅपवर काढलेला नवा पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. रविवारीच काढून ठेवा. तपासनीसाला पास अॅपमध्येच दाखवायचा, स्क्रीनशॉट चालत नाही.

जलद_0812: स्क्रीनशॉट चालत नाही हे अगदी खरं. पण मेट्रोच घ्या.

लेडीज_डबा: संध्याकाळचं कुणी बोलत नाहीये. कुर्ल्याला कल्याणकडची जलद येते तेव्हाच गच्च असते, सीट विसरा. बसून यायचं तर उलटं परळला जाऊन तिथून सुटणारी पकडा. मात्र पास परळपर्यंतचा काढा. कुर्ल्यापर्यंतच्या पासवर पुढे सापडलात तर भाडं अधिक किमान 250 दंड.

कोपरकर: हा सल्ला सोन्यासारखा आहे.

मंजिरी_डों: सर्वांचे आभार. डोंबिवलीहून सुटणारी धीमी लोकल घेते. कुर्ल्यापर्यंत तेरा थांबे, पण बसून. पास परळचा. कुर्ल्याहून 310.

जलद_0812: धीमी? अर्धा तास आधी निघावं लागेल!

पारसिक_रेती: जलदच घ्या, पुन्हा सांगतो.

लेडीज_डबा: घेऊ द्या त्यांना धीमी. फक्त विक्रोळी गेली की उठा आणि घाटकोपरला दाराशी या. दिवा-मुंब्र्याची गर्दी दारातच उभी असते, कुर्ला आल्यावर उठलात तर सायनला उतराल.

मंजिरी_डों: विक्रोळीला उठायचं, लक्षात ठेवते.