ग्रीन कार्ड आहे, पण छाटणी ते छाटणी मुक्काम इकडे : नागरिकत्वाचं काय?

पिंपळगावकर : वडिलांचं अमेरिकेचं ग्रीन कार्ड भावाने केलंय, तिकडे न्यू जर्सीत त्याच्याकडेच राहतात. दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे गोडी छाटणीला येतात आणि खरड छाटणी उरकूनच परततात, साधारण ५ ऑक्टोबर ते २० एप्रिल. वर्षाच्या आत परत गेलं की नागरिकत्वाला अडचण नाही, असं सगळे सांगतात. खरं का? २०२७ च्या सिंहस्थाला थांबून पुढची गोडी छाटणी आटोपूनच जायचं म्हणतात. रीएंट्री परमिट (जास्त काळ बाहेर राहून परत आत जायचा परवाना) काढलं तर चालेल ना?

गंगापूररोड : वर्षाचा नियम कार्ड दाखवून परत आत जाण्यापुरता. नागरिकत्वाला दोन वेगळ्या अटी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली, सलग वास्तव्य. एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की ते तुटलं असं धरलं जातं. तुटलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची : तिकडचं घर तसंच राखलेलं, जवळचं कुटुंब तिकडे, टॅक्स रिटर्न, बँकेचे व्यवहार, इकडे नोकरी धरलेली नाही, असे पुरावे. मुलाच्या घरी राहणाऱ्या वडिलांकडे नेमके हेच कागद नसतात. तेव्हा स्टेट आयडी (तिकडच्या राज्याचं ओळखपत्र), बँक खातं, आरोग्य विमा तिकडच्या पत्त्यावर त्यांच्या स्वतःच्या नावाने हवेत.

दुसरी, प्रत्यक्ष हजेरी. अर्जाआधीच्या पाच वर्षांत किमान ९१३ दिवस. जायचा आणि यायचा दिवस तिकडचा धरतात. तुमच्या तारखांनी वर्षाला १९६ दिवस बाहेर, उरले १६९. पाचाने गुणा : ८४५. म्हणजे पहिली अट पुराव्यांनी निभावली तरी दुसरीत नापास, आणि तिथे पुरावा-बिरावा काही चालत नाही. खरड छाटणी दुसऱ्या कुणावर सोपवून मार्चच्या मध्याला निघाले तर दोन्ही अटी बसतात.

सिंहस्थाचा बेत मात्र महागात पडेल. ऑक्टोबर २०२६ ला आले आणि ऑक्टोबर २०२७ ची छाटणी करून निघाले, तर वर्ष उलटतं आणि सलग वास्तव्य तुटतंच. रीएंट्री परमिट (फॉर्म आय-१३१, अर्ज करताना अमेरिकेत असावंच लागतं, मुदत सहसा दोन वर्षं) कार्ड वाचवतं, नागरिकत्वाची मोजणी वाचवत नाही. परतल्यावर किमान चार वर्षं आणि एक दिवस थांबावं लागतं. तेव्हाही आधीची गैरहजेरी पाच वर्षांच्या मोजणीत राहतेच, म्हणून साडेचार वर्षं थांबून अर्ज केलेला बरा.

सीएवाला_शरणपूर : कराकडे कुणी बघत नाही. आर्थिक वर्षात इकडे १८२ दिवस झाले की वडील करासाठी भारताचे निवासी, आणि या तारखांनी दरवर्षी होतातच. मग कुणीतरी सुचवतं की भारत-अमेरिका कर करारानुसार तिकडे १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचं रिटर्न भरा, कर वाचेल. ग्रीन कार्डवाल्याने हे करू नये. आपण तिकडचे रहिवासी नाही असं स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं आणि अर्जाच्या वेळी ते समोर येतं.

द्राक्षाचं उत्पन्न इकडे करमुक्त असलं तरी तिकडच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. इकडच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली असेल तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) वेगळा.

पिंपळगावकर : मध्ये दोन आठवडे जाऊन आले तर? तिकिटाचा खर्च परवडेल.

गंगापूररोड : दोन खेपा झाल्या, एकेक सहा महिन्यांच्या आत, इतकं खरं. पण हजेरीत जेमतेम दोन आठवड्यांची भर पडते आणि वर्षानुवर्षं तोच नमुना दिसला की विमानतळावरचा अधिकारी विचारतो, तुम्ही नक्की राहता कुठे? तिथे आय-४०७ पुढे केला तर सही करू नये, कार्ड स्वेच्छेने सोडल्याचा तो फॉर्म असतो. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागायचा वडिलांना हक्क आहे.

सातपूर_७ : एन-४०० मध्ये, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जात, पाच वर्षांतली चोवीस तासांवरची प्रत्येक परदेशवारी तारखांसह लिहायची असते. पासपोर्टवर मुंबई विमानतळाचे शिक्के बऱ्याचदा पुसट उमटतात, बोर्डिंग पास आणि तिकिटांचे ईमेल ठेवा. पासपोर्ट नवा केला तरी जुना जपा. ग्रीन कार्डावरच्या सलग वास्तव्याची पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी अर्ज घेतात, पण ९१३ दिवस अर्जाच्या तारखेलाच भरलेले हवेत.